एका हांडीचा रंग

इतवारीतल्या मोतीभाऊंच्या लोकरीच्या दुकानाची पायरी मी त्या आठवड्यात चौथ्यांदा चढले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मी तोंड उघडायच्या आतच हात झटकला.

"शेडेड हवी तर पोतंभर देतो," ते म्हणाले. "साधी नाही."

"शेवाळी होती ना भाऊ. परवा नेली मी. हीच." मी पिशवीतून अर्धा विणलेला लहान मुलाचा स्वेटर काढून काउंटरवर ठेवला. पाठ पूर्ण झाली होती, पुढचा भाग छातीपर्यंत आला होता आणि सुईवरून वीतभर धागा लोंबत होता. तेवढीच शेवाळी उरली होती माझ्याकडे.

मोतीभाऊंनी मला चांगलंच फैलावर घेतलं. आधी दोन गुंडे नेले, मग परवा पुन्हा दोन नेले, आणि आता लॉट संपल्यावर रडत आले, असं त्यांचं म्हणणं. पहिल्याच दिवशी सगळी एकदम घेऊन जा म्हणून त्यांनी सांगितलं होतं, हेही खरंच होतं. विणणाऱ्या बाईला हे कोणी सांगावंही लागत नाही. एका रंगाची लोकर एकाच लॉटची घ्यायची, कारण कारखान्यात पुढच्या खेपेला तोच रंग कालवला तरी तो जरा उजळ नाहीतर जरा मळका उतरतो. गुंड्यावर फरक कळत नाही, अंगावर कळतो. पण माझी ऐपत एका वेळी दोन गुंड्यांची होती आणि मी आपली दोन-दोन करत बसले.

काउंटरच्या दुसऱ्या टोकाला, दाराच्या उजेडात एक बाई उभ्या होत्या. चौतीस-पस्तिशीच्या, अंगावर सुती नऊवारी नाही पण तशीच जाडीभरडी पाचवारी, हाडापेरानं मजबूत. त्यांच्यापुढे शेवाळीचे सात गुंडे रचून ठेवलेले होते. माझी नजर त्या गुंड्यांवर गेली ती तिथेच चिकटली.

ही गोष्ट शहाऐंशी सालच्या नोव्हेंबरातली. त्या वर्षी नागपुरात शेडेड लोकरीनं नुसता कहर केला होता. एकाच गुंड्यात गुलाबी, मग जांभळा, मग निळा, म्हणजे बाईनं काल सुया हातात धरल्या तरी आज रंगीबेरंगी स्वेटर तयार. साधी, एका रंगाची लोकर कोणी मागेना, म्हणून दुकानदार ठेवीनात. घाऊकवाले द्यायचे, पण दहा गुंड्यांचं अख्खं पाकीट घ्यावं लागे. मला रंग हवे होते सहा, आणि त्यातले पाच तर चिमूटचिमूट. सहा पाकिटं घ्यायला माझ्या घरी काही लोकरीचं दुकान नव्हतं.

सहा रंग हवे होते ते एका जाहिरातीमुळे. आमच्या भागातल्या मुलींच्या शाळेत हस्तकलेच्या बाई हव्या होत्या. मुलाखतीला येताना स्वतः विणलेला लहान मुलाचा एक स्वेटर आणायचा होता, किमान सहा साध्या रंगांचा, नक्षीचा, पूर्ण बाह्यांचा. शिवाय आयत्या वेळी विणून दाखवायला सुया आणि थोडी लोकर. शेडेड चालणार नाही, असं खाली मुद्दाम छापलं होतं. मुख्याध्यापिका कानडेबाईंचं मत होतं म्हणे, की शेडेड लोकर विणणारीच्या चुका लपवते.

आणि मला ती नोकरी हवी होती, कारण दादाची बदली गडचिरोलीला झाली होती. आई-वडील गेल्यापासून मी दादा-वहिनीकडेच होते. सत्तावीस वर्षांची, बी.ए. झालेली, लग्न न जमलेली. बदलीची ऑर्डर आली त्या संध्याकाळी वहिनी शेजारणीला सांगत होती की तिकडे कामाला बाई मिळत नाही म्हणतात, पण कुंदा आहे ना. कुंदा आहे ना. या तीन शब्दांत माझ्या पुढच्या वीस वर्षांचा निकाल लागला होता. वहिनी वाईट नव्हती, पण तिच्या हिशेबी मी घरातल्या मिक्सरसारखी होते, सामानाबरोबर खोक्यात जायची. जानेवारीत ट्रक येणार होता. त्याच्या आत नोकरी लागली तर मी नागपुरात खोली घेऊन राहू शकत होते.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नव्हतं. पांढरी लोकर माझे जुने हातमोजे उसवून काढली. गाजरी मफलरची निघाली. मोरपंखी महाल भागातल्या एका दुकानात तळाला सापडली, पोपटी आणि राणी इतवारीच्या फुटपाथवर तुकड्यांच्या ढिगातून उपसली. राहता राहिली जमिनीची शेवाळी, म्हणजे जिच्यावर सगळी नक्षी बसायची ती, आणि तीच आता वीतभर उरली होती.

"दाखव बरं," त्या बाई म्हणाल्या आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता माझा स्वेटर उचलून दारात गेल्या. आपल्यापुढचा एक गुंडा त्यांनी पाठीवर टेकवला, उन्हात धरला, सावलीत धरला, पुन्हा उन्हात धरला. मग लेबल न वाचताच म्हणाल्या, "एका हांडीचा रंग हाये."

मी लेबल पाहिलं. लॉट नंबर तोच होता.

त्यांनी मग आपली ओळख सांगितली. वेणू हेडाऊ. गोळीबार चौकाकडे राहायच्या, घरी दोन माग होते, वडील सुताचे रंगारी होते. लहानपणापासून हांड्यांच्या भोवती खेळल्यामुळे रंग ओळखायला त्यांना लेबल लागायचं नाही. इथल्याच व्यापाऱ्यांचे स्वेटर त्या नगावर विणून द्यायच्या.

"सातही माह्याच हायेत," त्या म्हणाल्या. "तुले किती पायजे?"

मला दोन पुरले असते. पुढचा भाग अर्धा झालेला, बाह्या दोन, आणि नक्षीत बाकीचे रंग होतेच. दोन गुंड्यांत आरामात बसलं असतं. पण त्या आठवड्याभरात मी इतकी धास्तावले होते, की पुन्हा संपली तर कुठे जाऊ, या भीतीनं तोंडातून निघून गेलं, "तीन."

मोतीभाऊंनी वेणूताईंकडे पाहिलं. त्यांनी गुंडे हातात तोलले, ओठांतल्या ओठांत काही मोजलं, आणि तीन माझ्याकडे सरकवले.

"तुम्हाला चारात होईल?" मी विचारलं. विचारण्यापुरतंच विचारलं, हात तोवर गुंड्यांवर पडला होता.

"नक्षी दाट करतो. शेवाळी कमी लागंल. कोणासाठी विणून राहिली?"

"भाचीसाठी."

"सहा रंगांचा?"

"हट्टच आहे तिचा," मी म्हणाले. नोकरीचं नाव काढलं तर ही बाईसुद्धा अर्ज टाकेल, असं माझ्या मनात आलं. हातातून हिसकून घेतील अशा भीतीनं मी ते तीन गुंडे पिशवीच्या तळाशी कोंबले. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि काहीच विचारलं नाही. त्यांचा स्वेटर कोणासाठी आहे ते मीही विचारलं नाही.

पुढचे बारा दिवस मी वेड्यासारखी विणत होते. भाजी चिरताना मध्येच हात धुऊन चार ओळी, पिंकीचा अभ्यास घेताना दोन ओळी. पिंकी म्हणजे दादाची मुलगी, माझ्या खोट्यातली भाची. तिला वाटायचं स्वेटर तिलाच आहे, आणि मी नाही म्हणत नव्हते. वहिनी खोकी बांधायला लागली होती आणि जाता-येता मला विचारायची की जड पातेली तुझ्या खोक्यात टाकू का. मी हो म्हणायचे आणि टाके मोजायचे. स्वेटर पूर्ण झाला तेव्हा दोन गुंडे संपले होते आणि तिसरा जसाच्या तसा होता, कागदी पट्टीसुद्धा निघाली नव्हती. मला हायसं वाटलं. मुलाखतीत विणून दाखवायला तो होईल म्हणून मी सुयांबरोबर पिशवीत टाकला.

मुलाखत डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी होती. कानडेबाईंच्या खोलीबाहेरच्या बोळात एक लांब बाक होता, वर एक ट्यूबलाइट. आम्ही सातजणी होतो. शिपायानं आडनावांच्या क्रमानं यादी वाचली. अलोणी म्हणून मी पहिली. यादीतलं शेवटचं नाव होतं हेडाऊ.

मी मान वळवली. बाकाच्या पार टोकाला वेणूताई बसल्या होत्या, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. त्यांनी मला आधीच पाहिलं असावं. त्या उठून माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"भाचीचा झाला का स्वेटर?"

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान मला उलटून काही बोलता आलं असतं. मी नुसतं हं केलं. त्यांनी आपला स्वेटर काढून मांडीवर पसरला आणि माझं अवसान गळालं. मी मासिकातली चौकटीची नक्षी उतरवली होती, व्यवस्थित, नीटनेटकी. त्यांनी करवतकाठी साडीचा काठ लोकरीत उतरवला होता. गाजरी आणि पांढऱ्याचे दाते एकमेकांत घुसलेले, मध्ये राणी रंगाची बारीक रेघ, आणि शेवाळी जमिनीवर हे सगळं असं बसलं होतं की हात लावून पाहावंसं वाटावं. आम्हा सातजणींत त्याच्या जवळ जाईल असं काहीही नव्हतं, माझा स्वेटर धरून.

फक्त डाव्या बाहीची शेवटची चार बोटं वेगळी होती. जरा काळपट. बोळातल्या ट्यूबलाइटमध्ये दुसऱ्या कोणाला दिसलं नसतं.

"तेवढीच कमी पडली," वेणूताई म्हणाल्या. "मोतीभाऊले सांगून दुसऱ्या लॉटचा एक मागवून घेतला. या उजेडात समजून नाही राहिलं. पाहू."

तेवढ्यात शिपायानं माझं नाव घेतलं.

कानडेबाई पन्नाशीच्या, सडसडीत, बोलायला तुटक होत्या. त्यांनी माझा स्वेटर हातात घेतला, टाके मोजले, उलटा करून मागून जाणारे धागे बोटानं ओढून पाहिले. मग उठून खिडकीपाशी गेल्या, दोन्ही दारं सताड उघडली आणि स्वेटर उन्हात धरला. बराच वेळ धरला.

"सगळी शेवाळी एका लॉटची घेतलीत," त्या म्हणाल्या. "हल्ली मुली बघतच नाहीत. विणणं मी कोणालाही शिकवीन, पण ही नजर शिकवता येत नाही. मी आधी तेच पाहते."

ती नजर कोणाची होती ते मला पक्कं माहीत होतं.

"हो बाई," मी म्हणाले.

त्यांनी दहा ओळी विणून दाखवायला सांगितल्या. मी गाजरी लोकर काढली. शेवाळीला हात लावला नाही. का नाही लावला ते तेव्हा कळलं नाही. आता वाटतं की नवाकोरा गुंडा उघडून तो कोणाला दिसावा, हे मला नको होतं.

बाहेर आले तेव्हा बोळातल्या घड्याळात अकराला दहा कमी होते. निकाल आजच सांगणार होते म्हणून सगळ्यांनी थांबायचं होतं. वेणूताईंनी सरकून जागा करून दिली.

"काय पाहते ती?"

"टाके मोजतात," मी म्हणाले. "मागची बाजू बघतात."

खिडकीचं मी सांगितलं नाही.

आता जे लिहिते आहे ते मी मागे कोणाला सांगितलेलं नाही. लहान मुलांच्या स्वेटरची बाही खांद्याकडून मनगटाकडे विणतात. पोर वाढलं की खालून उसवायची आणि चार बोटं लांब करायची, यासाठी ती पद्धत. म्हणजे वेणूताईंच्या बाहीचा तो काळपट तुकडा शेवटचाच होता, खालून उसवला की सुटणारा. माझ्या पिशवीत गुंडा होता, त्यांच्या पिशवीत सुया होत्या, आणि मध्ये अजून पाचजणी आत जाऊन यायच्या होत्या. वेणूताईंचा हात कसा चालतो हे मला काही पाहावं लागणार नव्हतं, तो स्वेटर पुढ्यात होता.

बोलायचं एवढंच होतं, वेणूताई, हे घ्या. मी ते मनात पाठ केलं. दुसरी बाई आत गेली तेव्हा म्हणू म्हटलं. ती बाहेर आली आणि तिसरी गेली. मी उठून नळावर जाऊन पाणी प्याले. परत आले, बसले, पुन्हा उठले. व्हरांड्यात जाऊन मैदानावरच्या मुली पाहून आले. डोळ्यांपुढे ट्रक येत होता आणि ट्रकात खोकी, आणि जड पातेल्यांच्या खोक्यावर मी. आणि लगेच वाटायचं की या बाईकडे माग आहेत, घर आहे, व्यापाऱ्यांचं काम आहे, तिचं असं काय अडलंय. दुसऱ्याचं काय अडलंय ते मोजायला मी त्या दिवशी फारच हुशार झाले होते.

चौथी आत गेली तेव्हा मी खरोखरच पिशवी उघडली. हात आत घातला. बोटांना गुंडा लागला, त्याची कागदी पट्टी लागली. मी रुमाल काढला आणि तोंड पुसलं.

"थंडीत घाम येऊन राहिला तुले," वेणूताई म्हणाल्या.

बोलता बोलता त्यांनी सांगितलं की या नोकरीला वयाची अट पस्तीस आहे आणि त्यांना फेब्रुवारीत पस्तीस पूर्ण होतात. नगावर विणून बोटं दुखायला लागली होती आणि मागाचं काम दिवसेंदिवस कमी होत होतं. त्यांनी हे गाऱ्हाणं म्हणून सांगितलं नाही, बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. मी पुन्हा नळावर गेले.

एकला दहा मिनिटं असताना शिपायानं हेडाऊ नाव पुकारलं. त्या स्वेटर झटकून उठल्या, पदर नीट केला आणि आत गेल्या. दार लागायच्या आधी मला कानडेबाईंची पाठ दिसली, त्या खिडकीकडे निघाल्या होत्या.

अर्ध्या तासानं कानडेबाई स्वतः बाहेर आल्या. सगळ्यांचं काम चांगलं आहे म्हणाल्या. एक काम तर त्यांनी आजवर पाहिलेल्यांत सर्वांत सुंदर होतं, पण बाहीत लॉट बदलला आहे, आणि जी बाई ते चालवून घेते ती मुलींनाही चालवून घ्यायला शिकवील. मग त्यांनी माझं नाव घेतलं.

वेणूताई माझ्याकडे आल्या. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, आणि मी ते ऐकून घ्यायला तयार होते.

"चांगलं झालं पोरी," त्या म्हणाल्या. मग माझ्या हाताकडे पाहून म्हणाल्या, "पिशवीचं तोंड बांध. गुंडा पडंल."

मी खाली पाहिलं. पिशवीच्या तोंडाशी शेवाळी गुंडा वर आलेला होता, पट्टीसकट, लॉट नंबरासकट. रुमाल काढला तेव्हा तो वर आला असणार, आणि त्याला तासाच्या वर होऊन गेला होता. मी तोंड बांधेपर्यंत वेणूताई बोळाच्या टोकाला पोचल्या होत्या.

घरी दादानं पेढे आणले. वहिनीचा चेहरा उतरला आणि मग रात्रीच्या जेवणात तिनं मला आग्रह करून वाढलं, तिची समजूत तिनं लवकर घातली. पिंकी नवा स्वेटर घालून घरभर नाचली. मी अर्धा पेढा तसाच बशीत ठेवला. आनंद झाला नव्हता असं नाही, भरपूर झाला होता, आणि त्याचीच लाज वाटत होती.

त्या शाळेत मी एकतीस वर्षं नोकरी केली. दर वर्षी पहिल्या तासाला मुलींना सांगत आले की लागेल ती लोकर एकदम घ्या, एका लॉटची घ्या, आणि उन्हात पाहून घ्या. कानडेबाई निवृत्त होईपर्यंत माझ्या नजरेचं कौतुक करत राहिल्या. दर वेळी मी ते मान खाली घालून ऐकून घेतलं.

पण त्या वेळचं सांगायचं तर, सहा दिवस मी कसेबसे काढले आणि रविवारी सकाळी तो गुंडा घेऊन गोळीबार चौकात गेले. हेडाऊंचं घर सापडायला वेळ लागला नाही. आत माग चालल्याचा आवाज येत होता, आणि वेणूताई अंगणात खाटेवर बसून कोणाचा तरी शेडेड स्वेटर विणत होत्या. मी त्यांच्यापुढे गुंडा ठेवला.

"बस," त्या म्हणाल्या.

मी बसले आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. दोन पुरत असताना तीन मागितले, भाचीचं खोटं सांगितलं, खिडकीचं माहीत असून सांगितलं नाही. त्या विणतच होत्या.

"भाचीचं खोटं हाये हे मले दुकानातच समजलं होतं," त्या म्हणाल्या. "यंदाच्या साली सहा साध्या रंगांची लोकर शोधत कोण फिरून राहिलं? जाहिरात मीही वाचली होती."

"मग दिली कशाला?"

त्यांनी सुया खाली ठेवल्या. "तुही पाठ झालती. झालेलं उसव म्हणायले माही जीभ नाही रेटली."

त्यानंतर त्या उठून आत गेल्या. मला वाटलं बोलणं संपलं, आता निघावं. पण त्या आपला करवतकाठी स्वेटर घेऊन बाहेर आल्या, कोनाड्यातलं गजराचं घड्याळ आणून खाटेवर माझ्या आणि आपल्या मध्ये ठेवलं, आणि डाव्या बाहीचा शेवटचा टाका कात्रीनं कापला. काळपट शेवाळी सरसर उसवत आली. ती त्यांनी माझ्या हातात दिली आणि मी ती गुंडाळत गेले. चार बोटं उसवून झाल्यावर त्यांनी टाके सुईवर घेतले, माझ्या गुंड्याची पट्टी फाडली आणि विणायला लागल्या.

मला उठवत नव्हतं आणि बसवतही नव्हतं. आत मागाचा खटखट आवाज, समोर घड्याळाची टिकटिक, आणि त्यांच्या सुया. करवतीचे दोन दाते राहिले होते, ते त्यांनी भरले, मग बॉर्डर घातली, टाके बंद केले, धागा तोडला. बाही उन्हात धरली. कुठे जोड होता ते मला शोधूनही सापडलं नसतं.

स्वेटर मांडीवर ठेवून त्यांनी घड्याळ उचललं आणि पाहिलं.

"सव्वा तास," वेणूताई म्हणाल्या. त्या दिवशी बाकावर आमच्याकडे दोन तास होते. मग घड्याळ परत कोनाड्यात ठेवायला गेल्या आणि आतूनच त्यांनी विचारलं, चहात साखर किती घेतेस.